चौकशी अहवाल

अर्ज निनावी होता.
वहीच्या फाडलेल्या पानावर, निळ्या शाईत:
'सदर महिला निराधार योजनेचे पैसे घेते
आणि कुत्रे पाळते.
कुत्र्यास रोज दूध पाजले जाते,
तोंडाला लागलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.'
खाली सही नाही. 'एक करदाता.'

साहेबांनी कोपऱ्यात लिहिलं, चौकशी करावी.
म्हणून मी, या सजाचा तलाठी,
फाईल बगलेत मारून सुतारवाड्यात गेलो.
तिथं घराघरावर पुराच्या रेघा आहेत,
एका सालची वर, एका सालची खाली,
आणि दोन्हींच्या मध्ये छबाक्कानं
आरसा टांगलाय.

छबाबाई दत्तू लोहार. वय एकसष्ट, कागदावर.
दारात तांबडं कुत्रं, एक कान फाटका.
मी विचारलं, नाव काय याचं?
तिनं पदर तोंडाला लावला.
'रागावू नका साहेब. तलाठी.'
का?
'बोलवाय गेलं की येत न्हाई.
आलं की जेवणाच्या टायमाला.
आन् आलं की हलत न्हाई.'
मी लिहिलं: कुत्र्याचे नाव, लागू नाही.

आणि दूध?
'कुठलं दूध वो. मी चहापुरतं आणतो, दहाचं.
संध्याकाळी त्ये आपलं आपण गंगावेशीत जातंय.
कट्ट्यावर म्हशी पिळत्यात,
पैलवान पोरं ग्लास तोंडाला लावत्यात,
सांडल्यालं चाटून येतंय.
सांडल्यालं बी सरकारचं असतंय व्हय?'

पंधराशे रुपये.
ज्वारी, लाईट बिल, गॅस उसना,
मी तिच्यासमोर बेरीज मांडली.
कुत्र्याचा रकाना कुठं बसेना.
तेवढ्यात मला माझ्या घरातली काचेची पेटी आठवली,
लेकानं हट्टानं आणलेले सात मासे,
त्यांच्या दाण्यांची डबी एकशेऐंशीला.
पगार माझाही त्याच तिजोरीतून येतो.
माझ्यावर अजून अर्ज आलेला नाही.

फळीवर बीपीच्या गोळ्यांचं पाकीट होतं.
चार गोळ्या, मधून मोडलेल्या.
अर्धी अर्धी का खाता?
ती बराच वेळ गप्प.
'गेल्या महिन्यात त्येच्या पायाला किडं पडलं.
डॉक्टरनं साडेतीनशे घेतलं.'
हे मी लिहिलं नाही.
लिहिलं असतं तर कुणाच्या बाजूनं लिहिलं असतं,
ते अजून मला कळलेलं नाही.

'पुरात बोटीत घेतलं न्हाई त्येला.
म्हणाले, माणसं आधी. बराबरच हाय की.
मी चार दिस मठात, त्ये कौलावर.
परत आलो तर गुडघाभर चिखल,
भांडी गेल्याली, गादी गेल्याली,
आन् हे उंबऱ्यावर,
मीच उशीर केल्यागत बघत बसल्यालं.
आता रेशनकार्डावर न्हाई, म्हाईत हाय मला.
पर नाव चढिवलंच न्हाई,
त्ये कमी कसं करायचं, साहेब?
तुमच्याकडं फार्म असंल तर द्या.'

माझ्याकडं नव्हता.

अहवाल असा:
समक्ष भेट दिली. सदर महिला हयात आहे.
उत्पन्नाचे अन्य साधन आढळून आले नाही.
दारात एक कुत्रे आढळले.
ते कोणाचे, हे निश्चित सांगता येत नाही.

परतताना तलाठी माझ्या मागोमाग आला,
तीन पायांवर, चौथा टेकत, न टेकत,
गंगावेशीच्या कट्ट्यापर्यंत.
मी ग्लास सांगितला. फेस वर आलेला, कोमट.
तो समोर बसून
ग्लासाकडं नाही, माझ्या हाताकडं बघत राहिला,
हात कधी हलतोय याची वाट बघत.

ग्लास मी सगळा प्यालो. खोटं कशाला सांगू.
हात थोडा हलला असेल.